जेली रोल मॉर्टन

जेली रोल मॉर्टन (मूळ नाव: फर्डिनांड जोसेफ लामोथ, जन्म: २० ऑक्टोबर, १८९०, न्यू ऑर्लिन्स, लुईझियाना, मृत्यू: १० जुलै, १९४१, लॉस एंजेलस, कॅलिफोर्निया) हे अमेरिकेतील जॅझ संगीताच्या पहिल्या पिढीतील पियानोवादक, रचनाकार, गायक आणि वाद्यवृंदप्रमुख होते. जॅझ हे आयत्या वेळी सुचेल तसे वाजवण्याचे संगीत, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ते कागदावर बारकाईने लिहिता येते आणि लिहिल्यानंतरही त्यातील चैतन्य कमी होत नाही, हे दाखवून देणाऱ्या पहिल्या काही रचनाकारांत मॉर्टन यांची गणना होते. 'किंग पोर्टर स्टॉम्प', 'ब्लॅक बॉटम स्टॉम्प', 'जेली रोल ब्लूज', 'द पर्ल्स' या त्यांच्या प्रसिद्ध रचना होत.

मॉर्टन यांच्या चरित्राशी एक वेगळा प्रश्नही जोडला गेला आहे. त्यांची कला न्यू ऑर्लिन्सच्या वेश्यावस्तीत घडली. तेथे गायल्या जाणाऱ्या गाण्यांतील शब्द इतके उघडे आणि शिवराळ होते, की ते छापणे किंवा ध्वनिमुद्रिकेवर आणणे त्या काळी शक्य नव्हते. १९३८ मध्ये मॉर्टन यांनी त्यांतील काही गाणी अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी मूळ शब्दांसह गाऊन ठेवली. हे ध्वनिमुद्रण संपूर्ण स्वरूपात श्रोत्यांच्या हाती पडायला २००५ साल उजाडले. अश्लील मानल्या गेलेल्या शब्दांचे कलेतील स्थान कोणते, याचा विचार करताना अभ्यासक या ध्वनिमुद्रणाकडे वारंवार वळतात.

== कुल, जन्म आणि नाव ==

मॉर्टन यांचा जन्म न्यू ऑर्लिन्समधील क्रिओल समाजात झाला. फ्रेंच आणि आफ्रिकी अशा दोन्ही वंशांचा वारसा असलेला हा समाज फ्रेंच बोलणारा, रोमन कॅथलिक आणि प्रतिष्ठेला जपणारा होता. गुलामगिरीतून नुकत्याच मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांपासून तो स्वतःला वेगळा मानत असे. मात्र १८९० नंतरच्या वंशभेदी कायद्यांनी हा फरक पुसून टाकला आणि क्रिओलांनाही कृष्णवर्णीयांच्याच रांगेत उभे केले. मॉर्टन यांच्या बोलण्यातील ताठा, घराण्याचा अभिमान आणि आपल्या कृष्णवर्णीय पूर्वजांविषयीचे त्यांचे मौन या पार्श्वभूमीवर समजून घ्यावे लागते.

त्यांचे वडील एडवर्ड लामोथ बांधकामाच्या व्यवसायात होते. आई लुईझ मोनेट यांनी पुढे दुसरा संसार केला. सावत्र वडिलांचे आडनाव मूटाँ असे होते. त्याचेच इंग्रजी वळणाचे रूप 'मॉर्टन' हे फर्डिनांड यांनी स्वीकारले. स्वतःचे जन्मवर्ष ते १८८५ सांगत असत. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर मात्र १८९० अशी नोंद आहे. वय वाढवून सांगण्याचे कारण उघड दिसते. जॅझचा शोध आपण १९०२ मध्ये लावला असे त्यांचे म्हणणे होते आणि खऱ्या जन्मवर्षाप्रमाणे त्या वेळी ते अवघ्या अकरा-बारा वर्षांचे ठरतात.

बालपणी त्यांनी अनेक वाद्ये हाताळली. गिटारनंतर ते पियानोकडे वळले. न्यू ऑर्लिन्समध्ये त्या काळी फ्रेंच ऑपेरा हाउस गजबजलेले असे आणि शहरातील सामान्य माणसाच्याही कानांवर ऑपेराच्या चाली पडत. हे संस्कार मॉर्टन यांच्यात अखेरपर्यंत टिकले. इटालियन संगीतकार व्हेर्दी यांच्या 'इल त्रोव्हातोरे' या ऑपेरातील एक प्रसिद्ध चाल ते जॅझच्या ठेक्यावर वाजवून दाखवत.

== स्टोरीव्हिल ==

१८९७ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या नगरसभेने वेश्याव्यवसायाला एका ठरावीक भागापुरते मर्यादित करणारा ठराव केला. तो मांडणारे सभासद सिडनी स्टोरी यांच्या नावावरून या वस्तीला 'स्टोरीव्हिल' हे नाव पडले. बिचाऱ्या स्टोरी यांना हा मान रुचला असेल असे वाटत नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात, नोव्हेंबर १९१७ मध्ये, नौदलाच्या आग्रहावरून ही वस्ती बंद करण्यात आली. मधल्या वीस वर्षांत तेथील बड्या कुंटणखान्यांच्या दिवाणखान्यांत पियानो ठेवलेले असत आणि ते वाजवणाऱ्यांना 'प्रोफेसर' असे म्हणत. या प्रोफेसरांची कमाई मुख्यतः गिऱ्हाइकांच्या बक्षिसीवर चाले. एकेका रात्रीत मिळणारी ही बक्षिसी कष्टकऱ्याच्या कित्येक दिवसांच्या मजुरीपेक्षा अधिक असे.

किशोरवयातच मॉर्टन या वस्तीत वाजवू लागले. घरी मात्र आपण पिंपे बनवण्याच्या कारखान्यात रात्रपाळी करतो असे ते सांगत. आईच्या निधनानंतर त्यांचा आणि त्यांच्या धाकट्या सावत्र बहिणींचा सांभाळ घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया करीत होत्या. नातवाचे अंगावरचे उंची कपडे पाहून पणजीला संशय आला आणि खरा प्रकार उघडकीस आला. घरात वाढत्या वयाच्या मुली असताना असा मुलगा नको, असे ठरवून तिने त्यांना घराबाहेर काढले. ही हकीकत मॉर्टन यांनी उतारवयात सांगितली आहे. स्वतःचा मोठेपणा सांगताना ते सहसा अतिशयोक्ती करीत, पण या प्रसंगाविषयी बोलताना त्यांच्या स्वरात दुखावल्याची खूण राहिलेली आहे. सोज्वळ आणि असभ्य यांतील सीमारेषा त्यांच्या आयुष्यात प्रथम ओढली गेली ती घराच्या उंबरठ्यावर.

कुंटणखान्यातील प्रोफेसरकडे सर्व प्रकारचे संगीत तयार असावे लागे. ऑपेरातील चाली, वॉल्ट्झ, रॅगटाइम, नव्याने छापलेली लोकप्रिय गाणी आणि रात्र चढत गेली की संथ लयीतील ब्लूज. या शेवटच्या प्रकारात शब्दांना धरबंध नसे. गिऱ्हाइकांची उत्तेजना वाढवणे आणि खिसा सैल करवणे हा त्या शब्दांचा उद्देश होता. ते साहित्य म्हणून रचलेले नव्हते, तो धंद्याचा माल होता. नग्न नाच चालू असताना पियानोवादकाच्या आणि दालनाच्या मध्ये पडदा लावला जाई. त्या पडद्याला आपण चाकूने फट पाडली होती, असे मॉर्टन यांनी सांगून ठेवले आहे.

या जगात मॉर्टन यांनी ज्याला मनापासून श्रेष्ठ मानले असा एकच वादक होता, तो म्हणजे टोनी जॅक्सन. इतर कोणाचेही मोठेपण मान्य करताना मॉर्टन यांची जीभ अडखळत असे, म्हणून या कबुलीला महत्त्व आहे. जॅक्सन यांचे 'प्रिटी बेबी' हे गाणे १९१६ मध्ये छापले गेले आणि अमेरिकाभर गाजले. त्याचे मूळ शब्द एका पुरुषाला उद्देशून होते असे सांगितले जाते. प्रकाशनापूर्वी ते बदलून घेण्यात आले. वस्तीतील गाणे बाजारात येताना त्याच्या शब्दांना कशी कात्री लागे याचे हे उत्तम उदाहरण आहे. जॅक्सन १९२१ मध्ये निवर्तले. त्यांचे वादन ध्वनिमुद्रित झालेच नाही. आज ते कसे वाजवत याची कल्पना येते ती मॉर्टन यांनी केलेल्या नकलेवरून.

== भटकंती आणि टोपणनाव ==

घर सुटल्यानंतर सुमारे १९१७ पर्यंत मॉर्टन दक्षिणेतील आणि मध्य अमेरिकी राज्यांतील शहरांतून फिरत राहिले. मोबील, मेम्फिस, सेंट लुईस, शिकागो, ह्यूस्टन अशी ठिकाणे त्यांच्या आठवणींत येतात. पियानो हा या काळातील त्यांच्या अनेक धंद्यांपैकी एक होता. बिलियर्डच्या टेबलावरील पैजा, पत्ते, फिरत्या नाटक मंडळींतील विनोदी भूमिका आणि स्त्रियांच्या कमाईवर जगणे, हे सर्व त्यांनी केले. समोरच्या दातात त्यांनी हिरा बसवून घेतला होता.

'जेली रोल' हे टोपणनाव याच फिरत्या रंगभूमीवर त्यांनी धारण केले. जेली रोल हा खरे तर एक गोड पदार्थ, पातळ केकवर मुरंब्यासारखे पाकवलेले फळ पसरून केलेली गुंडाळी. तत्कालीन कृष्णवर्णीयांच्या बोलीत मात्र हा शब्द स्त्रीच्या गुह्यांगासाठी आणि संभोगासाठी वापरला जाई. एका प्रयोगात सहकलाकाराने आपली ओळख दुसऱ्या एका गोड पदार्थाच्या नावाने करून दिली, तेव्हा त्यावर कुरघोडी म्हणून मॉर्टन यांनी हे नाव उच्चारले आणि ते कायमचे चिकटले. १९१५ मध्ये शिकागोतील विल रॉसिटर यांनी 'जेली रोल ब्लूज' ही रचना छापली. छापील रूपात प्रसिद्ध झालेल्या पहिल्या जॅझ रचनांपैकी ती एक समजली जाते. पियानो शिकणाऱ्या कितीतरी घरंदाज मुलींनी हे पान स्टँडवर मांडून वाजवले असेल. शीर्षकाचा बोलीतील अर्थ त्यांतील किती जणींना ठाऊक होता, हा प्रश्न गमतीचा आहे. शब्द तोच राहून केवळ श्रोता बदलल्याने अश्लीलता नाहीशी होते, हे येथे दिसते.

१९१७ नंतर पाच-सहा वर्षे मॉर्टन पश्चिम किनाऱ्यावर होते. अनिटा गोन्झालिस या स्त्रीबरोबर त्यांचे तेथे सहजीवन होते. मेक्सिकोच्या सीमेवरील तिहुआना गावात असताना त्यांनी 'द पर्ल्स' आणि 'कॅन्सस सिटी स्टॉम्प' या रचना केल्या.

== शिकागो आणि 'रेड हॉट पेपर्स' ==

१९२३ मध्ये मॉर्टन शिकागोला परतले आणि त्यांच्या आयुष्यातील सर्वांत फलदायी कालखंड सुरू झाला. त्याच वर्षी जुलैमध्ये इंडियाना राज्यातील रिचमंड येथे जेनेट कंपनीच्या स्टुडिओत त्यांनी 'न्यू ऑर्लिन्स ऱ्हिदम किंग्ज' या गौरवर्णीय वाद्यवृंदाबरोबर ध्वनिमुद्रण केले. जॅझमध्ये दोन वर्णांच्या वादकांनी एकत्र बसून केलेल्या पहिल्या काही ध्वनिमुद्रणांत त्याचा समावेश होतो. त्यांच्या एकल पियानोवादनाच्या तबकड्याही याच सुमारास निघाल्या.

१५ सप्टेंबर १९२६ रोजी व्हिक्टर कंपनीसाठी 'रेड हॉट पेपर्स' या वाद्यवृंदाचे पहिले ध्वनिमुद्रण शिकागोत झाले. कॉर्नेटवर जॉर्ज मिचेल, ट्राँबोनवर किड ओरी, क्लॅरिनेटवर ओमर सिमियन, बँजोवर जॉनी सेंट सिर, बासवर जॉन लिंडसे आणि तालवाद्यांवर अँड्र्यू हिलेअर असा हा संच होता. मॉर्टन आधी तालमी घेत आणि तालमीचे पैसेही देत. जॅझच्या क्षेत्रात त्या काळी ही गोष्ट दुर्मीळ होती. तीन मिनिटांच्या तबकडीत ते वाद्यांच्या जोड्या बदलत, मध्येच सगळा वाद्यवृंद थांबवून एकाच वाद्याला छोटीशी उडी घेऊ देत आणि शेवटच्या आवर्तनापर्यंत जोर राखून ठेवत. 'ब्लॅक बॉटम स्टॉम्प', 'डेड मॅन ब्लूज', 'ग्रँडपाज स्पेल्स', 'साइडवॉक ब्लूज' या तबकड्या आजही या शैलीचा आदर्श मानल्या जातात. हवानाहून आलेल्या हाबानेरा ठेक्याची झाक जॅझमध्ये असलीच पाहिजे असा त्यांचा आग्रह होता. तिला ते स्पॅनिश छटा म्हणत.

या तबकड्यांत अपशब्द नाहीत. बहुतेक रचना केवळ वाद्यांच्या आहेत. जेथे गायन किंवा संभाषण येते तेथे ते निर्मळ विनोदाच्या पातळीवर राहते. मॉर्टन यांची कीर्ती ज्या कामावर उभी आहे त्यात शिवराळपणाचा वाटा शून्य आहे, ही बाब त्यांच्या अश्लील गाण्यांविषयी लिहिताना अनेकदा विसरली जाते. वस्तीतून त्यांनी बरोबर आणलेली खरी शिदोरी लय, रचनेची जाण आणि ब्लूजची आर्तता ही होती. शब्द मागे ठेवूनही ती टिकली.

त्याच दशकात ब्लूजच्या तबकड्यांच्या बाजारात द्व्यर्थी गाण्यांचे पेव फुटले होते. 'डर्टी डझन' या परस्परांच्या आयाबहिणींचा उद्धार करणाऱ्या जुन्या खेळावरील गाणे १९२९ मध्ये स्पेकल्ड रेड या गायकाने शब्द बरेच सौम्य करून ध्वनिमुद्रित केले आणि त्याचा मोठा खप झाला. १९३५ मध्ये गायिका लुसिल बोगन यांनी एक गाणे दोन प्रकारे गायले. सौम्य आवृत्ती विक्रीस आली आणि उघड्या शब्दांची आवृत्ती कंपनीने प्रसिद्ध केली नाही. कंपन्यांना सूचकता हवी होती, स्पष्टता नको होती. यातील बहुसंख्य द्व्यर्थी गाणी आज केवळ संग्राहकांच्या कुतूहलापुरती उरली आहेत. एकदा कोडे उलगडले की पुन्हा ऐकावे असे त्यांत फारसे काही नाही.

== उतरती कळा ==

१९२८ मध्ये मॉर्टन न्यूयॉर्कला गेले. त्याच वर्षी त्यांनी मेबल बर्ट्रंड या नर्तिकेशी विवाह केला. न्यूयॉर्कची अभिरुची तोवर बदलली होती. मोठे वाद्यवृंद आणि गुळगुळीत वादन यांची चलती होती आणि मॉर्टन यांची शैली जुनाट ठरू लागली. त्यातच आर्थिक मंदी आली. १९३० नंतर व्हिक्टर कंपनीने त्यांच्याशी असलेला करार पुढे चालू ठेवला नाही.

विरोधाभास असा, की याच काळात त्यांची 'किंग पोर्टर स्टॉम्प' ही रचना देशभर दुमदुमत होती. फ्लेचर हेंडरसन यांनी केलेल्या मांडणीसह बेनी गुडमन यांच्या वाद्यवृंदाने १९३५ मध्ये काढलेली तिची तबकडी स्विंग युगाच्या आरंभखुणांपैकी एक आहे. मूळ रचनाकाराच्या पदरात त्यातून फारसे काही पडले नाही. प्रकाशकांनी आपल्याला लुबाडले अशी मॉर्टन यांची तक्रार होती. रचनाकारांना स्वामित्वशुल्क मिळवून देणाऱ्या संघटनेत त्यांना १९३९ पर्यंत प्रवेश मिळाला नाही.

१९३० च्या दशकाच्या मध्यानंतर ते वॉशिंग्टन येथे एका जिना चढून जावे लागणाऱ्या लहानशा रात्रक्लबात पियानो वाजवत होते. क्लबचे नाव बदलत राहिले, गिऱ्हाइके मात्र वाढली नाहीत. १९३८ मध्ये तेथेच झालेल्या भांडणात त्यांच्यावर सुरीने वार झाला. त्यानंतर त्यांची प्रकृती पूर्ववत झाली नाही. त्याच वर्षी 'बिलीव्ह इट ऑर नॉट' या लोकप्रिय नभोवाणी कार्यक्रमात डब्ल्यू. सी. हँडी यांचा जॅझ आणि ब्लूजचे जनक म्हणून उल्लेख झाला. संतापलेल्या मॉर्टन यांनी 'डाउन बीट' या नियतकालिकाला लांबलचक पत्र लिहून तो मान स्वतःकडे मागितला. हा दावा शब्दशः खरा नाही. कोणतीही लोककला एका माणसाने एका वर्षी शोधून काढलेली नसते. तरीही या पत्रामुळे एका विस्मृतीत गेलेल्या कलावंताकडे पुन्हा लक्ष गेले.

== लायब्ररी ऑफ काँग्रेसमधील ध्वनिमुद्रण ==

२३ मे १९३८ रोजी मॉर्टन वॉशिंग्टनमधील लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या कूलिज सभागृहात आले. तेथील लोकगीत संग्रहाचे काम पाहणारे अॅलन लोमॅक्स त्या वेळी तेवीस वर्षांचे होते. त्यांना लोकगीतांची ओढ होती, जॅझविषयी मात्र विशेष प्रेम नव्हते. काही गाणी टिपून घ्यावीत एवढाच प्रारंभीचा बेत होता. मॉर्टन पियानोवर हात ठेवून संथ स्वर छेडत बोलू लागले आणि लोमॅक्स यांनी तबकड्यांमागून तबकड्या चढवल्या. जून महिन्यापर्यंत बैठकी चालल्या आणि डिसेंबरमध्ये आणखी एक झाली. एकूण ध्वनिमुद्रण आठ तासांहून अधिक भरते. एका संगीतकाराने वाद्यासमोर बसून सांगितलेले इतके विस्तृत आत्मकथन त्यापूर्वी कोणी नोंदवले नव्हते.

या बैठकींत लोमॅक्स यांनी वस्तीतील गाणी मूळ शब्दांत गाण्याची विनंती केली. मॉर्टन यांना प्रथम संकोच वाटला. राष्ट्रीय ग्रंथालयाचे सभागृह, समोर सुशिक्षित गौरवर्णीय तरुण आणि आपण पुन्हा नाव मिळवण्यासाठी धडपडणारे वयस्क कलावंत, अशा स्थितीत हे शब्द उच्चारणे त्यांना कमीपणाचे वाटले असणार. ज्या गोष्टीसाठी घरातून हाकलले गेले तीच आता इतिहासाच्या नावाखाली मागितली जात होती. शेवटी मद्याच्या पेल्याच्या सोबतीने त्यांनी ती गाणी गायली.

त्यांतील सर्व गाणी सारख्या मोलाची नाहीत, हे स्पष्टपणे सांगायला हवे. 'डर्टी डझन' हे शिव्यांचे भेंडोळे आहे. त्यात गंमत आहे, पण त्याचे महत्त्व प्रामुख्याने भाषेच्या अभ्यासकाला वाटेल. 'वाइनिन बॉय ब्लूज' या गाण्याची गोष्ट निराळी. त्याचे शीर्षकच रतिक्रीडेतील कौशल्याची बढाई सांगणारे आहे आणि लायब्ररीत गायलेली कडवी अतिशय उघडी आहेत. परंतु चाल जवळजवळ प्रार्थनेसारखी गंभीर आहे आणि मॉर्टन ती डोळे मिटून गुणगुणल्यासारखी गातात. बढाईचे शब्द आणि उदास स्वर यांतून गेलेल्या तारुण्याची जी हुरहुर उमटते ती दोहोंपैकी एकट्यात सापडत नाही. १९३९ मध्ये त्यांनी हेच गाणे विक्रीसाठी स्वच्छ शब्दांत पुन्हा ध्वनिमुद्रित केले. तेही सुंदर आहे. दोन्ही आवृत्त्या लागोपाठ ऐकल्यास लक्षात येते, की शब्द बदलूनही चालीची मोहिनी कायम राहते, फक्त गाणारा माणूस थोडा वेगळा भासतो.

याउलट 'मर्डर बॅलड' या दीर्घगीताला स्वच्छ आवृत्ती असूच शकत नाही. ते तबकड्यांच्या सात बाजूंवर पसरलेले असून सुमारे अर्धा तास चालते. एक स्त्री आपला पुरुष हिरावून घेणारीला धमकावते आणि अखेर तिचा खून करते. न्यायालय तिला शिक्षा देते. तुरुंगातील वर्षांत पुरुषसहवासाला मुकलेली ती दुसऱ्या कैदी स्त्रीशी संबंध जोडते आणि शेवटी आपल्यासारख्या इतरींना सावध करून जगाचा निरोप घेते. सर्व कथन त्या स्त्रीच्याच तोंडी आहे आणि तिची भाषा वस्तीतील भाषा आहे. आरंभीच्या भांडणातील शिव्या ऐकणाऱ्याला दचकवतात. तुरुंगाच्या भागात पोहोचेपर्यंत मात्र तेच शब्द एकटेपणाचे वर्णन करू लागतात आणि दचकण्याचे भान उरत नाही. त्या शब्दांना वगळले तर बाईच नाहीशी होते. मॉर्टन यांच्या गायनातील ही कदाचित सर्वश्रेष्ठ कामगिरी असावी. स्वतः ज्यांच्या कमाईवर जगले, त्यांच्यापैकी एकीच्या तोंडून हे गीत त्यांनी गावे, हेही नोंदवण्यासारखे आहे.

न्यू ऑर्लिन्सचे दंतकथा बनलेले कॉर्नेटवादक बडी बोल्डन यांच्या नावाचे गाणेही या बैठकींत आले. दुर्गंधीचा उल्लेख असलेले त्याचे मूळ शब्द रस्त्यावर गुणगुणले तरी पोलीस पकडत, अशी आठवण सांगितली जाते. सप्टेंबर १९३९ मध्ये मॉर्टन यांनी सिडनी बेशे आदी न्यू ऑर्लिन्सच्या वादकांसह त्याची सौम्य आवृत्ती 'आय थॉट आय हर्ड बडी बोल्डन से' या नावाने काढली. बोल्डन यांचे कोणतेही ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही. त्यांचे नाव सामान्य श्रोत्यांपर्यंत पोहोचवण्यात एकेकाळी निषिद्ध असलेल्या या चालीचा वाटा मोठा आहे.

== अखेर ==

१९३९ मधील तबकड्यांना जाणकारांची दाद मिळाली, पैसा मिळाला नाही. दम्याचा आणि हृदयाचा विकार बळावला होता. नोव्हेंबर १९४० मध्ये मॉर्टन यांनी आपल्या दोन मोटारी साखळीने एकमेकींना जोडल्या आणि हिवाळी वादळांतून अमेरिका ओलांडून ते कॅलिफोर्नियाला गेले. तेथे नवा वाद्यवृंद उभारण्याचे प्रयत्न प्रकृतीने हाणून पाडले. १० जुलै १९४१ रोजी लॉस एंजेलस येथे त्यांचे निधन झाले. वय पन्नास वर्षांचे होते. त्यांना कॅल्व्हरी दफनभूमीत पुरण्यात आले. थडग्यावर दगड बसला तो १९५० मध्ये, तोही तेथील जॅझप्रेमींच्या एका मंडळाने बसवला.

== ध्वनिमुद्रणाचे प्रकाशन ==

लायब्ररीतील तबकड्यांपैकी निवडक भाग सर्कल या कंपनीने १९४७ पासून मर्यादित प्रतींत प्रसिद्ध केला. आक्षेपार्ह गाणी त्यात नव्हती. लोमॅक्स यांनी याच मुलाखतींच्या आधारे लिहिलेले 'मिस्टर जेली रोल' हे चरित्र १९५० मध्ये आले. तेही सावधपणे संपादित केलेले होते. ही सावधगिरी अनाठायी म्हणता येणार नाही. त्याच १९५० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अल्पर्स खटल्यात असा निर्णय दिला, की अश्लील साहित्य एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पाठवण्यावरील बंदी ध्वनिमुद्रिकांनाही लागू होते. पुढे पुस्तकांवरील निर्बंध हळूहळू सैल झाले, तरी या तबकड्यांचे उघडे भाग बराच काळ अभ्यासक आणि संग्राहक यांच्या मर्यादित वर्तुळातच फिरत राहिले.

१९९३ मध्ये राउंडर कंपनीने चार सीडींत यांतील संगीताचा मोठा भाग, न वगळता, प्रसिद्ध केला. संपूर्ण ध्वनिमुद्रण, गाणी आणि गप्पा मूळ क्रमाने, आठ सीडींच्या संचात २००५ मध्ये बाहेर पडले. त्यासोबत जॉन स्वेड यांचे विवेचन होते. २००६ मध्ये या संचाला ऐतिहासिक ध्वनिमुद्रण आणि विवेचनपर लेखन अशी दोन ग्रॅमी पारितोषिके मिळाली. तोपर्यंत बाजारातील नव्या रॅप गाण्यांच्या वेष्टनांवर शब्दांविषयी इशारा देणारी चिठ्ठी दिसणे ही रोजची बाब झाली होती. सदुसष्ट वर्षांपूर्वीच्या या ध्वनिमुद्रणात धक्कादायक काही ऐकायला मिळेल या अपेक्षेने जे श्रोते आले, त्यांना धक्का बसला असेल तो पियानोवादनाचा.

मॉर्टन यांच्या जीवनावरील 'जेलीज लास्ट जॅम' हे जॉर्ज सी. वूल्फ यांचे संगीत नाटक १९९२ मध्ये ब्रॉडवेवर आले. ग्रेगरी हाइन्स यांनी त्यात मुख्य भूमिका केली. स्वतःच्या कृष्णवर्णीय वारशाचा तिटकारा करणारा माणूस, असे त्यातील चित्रण अनेक अभ्यासकांना एकांगी वाटले. १९९८ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने आद्य प्रभावांच्या गटात मॉर्टन यांचा समावेश केला. त्यांच्या रचनांचे लेखन उपलब्ध झाल्याने आज संगीत महाविद्यालयांतील विद्यार्थी त्यांच्या एकल पियानोवादनाचा स्वर न् स्वर अभ्यासू शकतात आणि 'द पर्ल्स' मधील डाव्या हाताचे काम आजही भल्याभल्यांची परीक्षा पाहते.